घासबाईंचा दुपारचा डबा

बटणरावांना कशाचंही आश्चर्य वाटेनासं झालं होतं. शहरातल्या लहानशा टीव्ही केंद्रात ते चौदा वर्षं एकाच खुर्चीत बसून बटणं दाबत होते. कुठला कार्यक्रम कधी सुरू करायचा, जाहिरात कधी सोडायची, काही अडलंच तर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी कधी लावायची, एवढंच त्यांचं काम. समोर सोळा पडदे, हाताखाली चाळीस बटणं. म्हणून ते बटणराव. त्यांनी पडद्यावर पूर पाहिले, निवडणुका पाहिल्या, भर मुलाखतीत पाहुण्याची खुर्ची मोडलेली पाहिली, पण त्यांची भुवई म्हणून हलली नाही. लोक म्हणायचे, या माणसाला चिमटा काढला तरी तो आधी घड्याळाकडे बघेल.

अशा माणसाला ज्या बाईनं तोंडात बोटं घालायला लावली, ती तळघरातल्या कॅन्टीनमध्ये वाढपी होती.

त्याचं असं झालं. बटणराव एकदा जेवण झाल्यावर ताट ठेवायला गेले. उष्ट्याच्या बादलीपाशी वाढणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि डॉक्टर जसा जीभ बघतो तशा बादलीत बघत होत्या.

“आज साडेबाराला काहीतरी रडारड होती ना?” त्यांनी विचारलं.

होती. मालिकेत ठरलेलं लग्न मोडलं होतं. पण कॅन्टीनचा टीव्ही बाईंच्या डोक्यावर, त्यांच्या पाठीशी टांगलेला. त्यांना तो दिसत नसे, आणि ताटांच्या खणखणाटात ऐकू येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“भात परत आलाय आणि गोड संपलंय. रडू आल्यावर माणसाला भात गिळवत नाही. गोडाचं मात्र तसं नाही, ते जातं.”

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “आज साप दाखवलात.” बटणराव चमकले. खरोखरच सापांचा माहितीपट लागला होता. “शेवग्याच्या शेंगांना कुणी हात लावला नाही,” बाईंनी खुलासा केला. “एरवी शेंगा पुरत नाहीत.”

बटणराव पडले हिशेबी. त्यांनी आठवडाभर परीक्षा घेतली. जेवणाच्या सुटीत काय लागणार ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे आणि बाईंना बादलीवरून ओळखायला सांगायचे. सहापैकी पाच दिवस बाई बरोबर निघाल्या. सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या क्रिकेट, चिठ्ठीत होती बागकामाची माहिती. बटणराव जरा खूश झाले, वर गेले आणि नोंदवही उघडून बघतात तर बदलीच्या माणसानं ऐनवेळी बागकाम काढून क्रिकेटच लावलं होतं. चिठ्ठीच चुकली होती. तेव्हा पहिल्यांदा त्यांची भुवई हलली, आणि पुढं बरेच दिवस ती जागेवर आली नाही.

त्या वेळचे मोठे साहेब जुन्या वळणाचे होते. बटणरावांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली तेव्हा ते हसले नाहीत. स्वतः तळघरात उतरले, बादलीत बघितलं, बाईंशी अर्धा तास बोलले आणि पुढच्या महिन्यात बाईंना दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, एक खुर्ची आणि एक जुना टीव्ही मिळाला. हुद्दा होता वेळापत्रक सहायक. पण सगळं केंद्र त्यांना घासबाई म्हणायला लागलं आणि बाईंनाही ते आवडलं असावं, कारण त्यांनी डब्याच्या झाकणावर तेच कोरून घेतलं.

काम करायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. कुठलाही नवा कार्यक्रम आला की त्या तो जेवताना बघायच्या. टीव्हीसमोर डबा उघडायचा, जेवायला लागायचं आणि चमचा कुठं थांबतो याची वहीत नोंद करायची. त्या वह्या बटणरावांनी चोरून वाचल्या आहेत. ‘१४ मिनिटं. चमचा हवेत. मगर.’ ‘२१ मिनिटं. चमचा हवेत. नवरा परत आला.’ ‘३ मिनिटं. डबा बंद. दाताच्या डॉक्टरची मुलाखत.’ ज्या कार्यक्रमात डबा कधी संपला ते कळलंच नाही, त्यापुढं एक मोठं टिंब असायचं. तो पास.

बाईंचं म्हणणं साधं होतं. “सकाळी माणूस उभ्यानं खातो. एका हातात पाव, दुसऱ्या हातात मोजा. तेव्हा बघायचं काही ठेवू नका, नुसतं ऐकायचं ठेवा आणि कोपऱ्यात घड्याळ मोठं दाखवा. चहाच्या वेळी भांडणं दाखवा. तोंड अर्धं रिकामं असतं, लोकांना मध्येमध्ये बोलता येतं. रात्रीच्या जेवणाला सगळं घर एकत्र, सगळ्यांची आवड वेगळी. तेव्हा असं काही लावा की जे कुणालाच फार आवडणार नाही आणि ज्याच्यासाठी कुणी उठूनही जाणार नाही.” रात्री साडेआठचा कार्यक्रम या एका वाक्यावर अकरा वर्षं चालला. संडास धुण्याच्या द्रावणाची जाहिरात दुपारी एक ते दोन दाखवायला त्यांनी साफ बंदी केली होती. जाहिरातवाले भांडायला आले तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवून जेवायला वाढलं आणि तीच जाहिरात लावली. ती बाटली पुढं कायमची चार वाजता गेली.

एका संध्याकाळी बटणरावांची पाळी नव्हती, तेव्हा बाई त्यांना गच्चीवर घेऊन गेल्या. पावणेनऊ वाजले होते. समोर सगळं शहर पसरलेलं, खिडक्याखिडक्यांतून टीव्हीचा निळा उजेड हलत होता.

“आता जाहिरात लागेल,” बाई म्हणाल्या. “स्वयंपाकघरांकडं बघा.”

मिनिटभर काही झालं नाही. मग एक दिवा लागला, मग पाच, मग बघता बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत शेकडो स्वयंपाकघरं उजळली. खिडक्यांतून माणसं दिसत होती. कुणी पातेल्यावरचं झाकण काढत होतं, कुणी पाणी भरत होतं, एक आजोबा घाईघाईनं काहीतरी तोंडात टाकत होते आणि मागं बघत होते. तीन मिनिटांनी सगळे दिवे एकेक करून मालवले.

“सगळे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठले,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बटण दाबता ना, तेव्हा हे होतं.”

 इतकी वर्षं बटणराव समजत होते की आपण बटण दाबतो तेव्हा फक्त पडदा बदलतो. इतक्या ताटांवर आपला हात असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून ते बटण जरा जपून दाबायला लागले.

आता बटणरावांच्या घरचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथं आहे. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. लग्नाचं राहून गेलं होतं. वडील गेले आणि आईनं जेवणाशी जणू उभा दावा मांडला. रात्री मुलाबरोबर बसून दोन घास घ्यायची, पण दुपारी बटणराव कामावर, घरात ती एकटी. त्यांनी सकाळी झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच असायचं. “एकटीनं काय जेवायचं?” एवढंच तिचं उत्तर. आई वाळत चालली होती. डॉक्टरांनी वजनाच्या काट्यावर बोट ठेवून बजावलं, “चाळीस किलो ही शेवटची रेघ. त्याखाली गेलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. या वयात नळी गेली की ती निघेलच असं मी सांगू शकत नाही.” त्या दिवशी काटा एक्केचाळीसवर होता.

हे बटणरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण घासबाईंपासून ताटाची गोष्ट लपणार कशी? “तुमच्या घरी दुपारी कुणीतरी एकटं जेवतं ना?” त्यांनी एक दिवस विचारलं. “तुम्ही एकला जेवत नाही, घड्याळाकडं बघत बसता.” सगळं ऐकून त्या फक्त ‘हं’ म्हणाल्या. पंधरा दिवसांनी दुपारी एक वाजता नवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक म्हातारे घड्याळजी होते. टेबलाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचे आणि समोर बघून सावकाश बोलायचे. एक वाक्य बोलायचे, मग बराच वेळ गप्प. “मधे घास घ्यायला जागा पाहिजे,” बाई म्हणाल्या. “दुपारी घरात जेवणारी माणसं एकटी असतात, बटणराव. त्यांना कार्यक्रम नको असतो. समोर कुणीतरी बसलेलं हवं असतं.”

त्या आठवड्यात बटणरावांच्या घरचं ताट रिकामं मिळालं. आई म्हणाली, “घड्याळवाले गृहस्थ फार सज्जन आहेत.” काटा हळूहळू त्रेचाळीसवर गेला. बटणरावांनी काट्याला हात जोडले, खरं म्हणजे जोडायचे होते दुसऱ्या मजल्याला.

चार वर्षं अशी सुखात गेली. मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले.

नवे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. हुशार होते, कामसू होते आणि उपाशी होते. डॉक्टरनं नव्हे, त्यांचं त्यांनीच स्वतःला पथ्यावर ठेवलं होतं. दिवसाला चार काकड्या, दोन उकडलेली अंडी आणि मोजून सहा बदाम. अशा माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? पहिल्याच बैठकीत त्यांनी भिंतीवर आलेख लावला आणि गरजले, “लोक जेवताना टीव्ही बघतात. आणि आपण त्यांना काय दाखवतो? घड्याळं! जेवणाच्या वेळी जेवण दाखवा!”

आणि दाखवलं. सकाळी सातला ‘उकळी’, दुपारी एकला ‘महाताट’, चारला ‘भट्टीतून थेट’, रात्री साडेआठला ‘चवीचा महासंग्राम’. ‘महाताट’मध्ये बारा स्पर्धक धावत धावत स्वयंपाक करायचे, घाम पुसायचे, रडायचे, आणि तीन परीक्षक एकेक चमचा चाखून आकाशाकडं बघायचे. कॅमेरा केकच्या इतका जवळ जायचा की त्याची भोकं विहिरीएवढी दिसायची. साहेब आपल्या खोलीत काकडी हातात धरून हे सगळं बघायचे, आणि त्यांचा आवंढा बाहेर ऐकू यायचा.

घड्याळजी घरी गेले. घासबाईंचं टेबल हलवलं, त्यांच्या खोलीत ‘चव कक्ष’ आला. साहेबांनी त्यांना नीट, आदरानं सांगितलं की महिनाअखेर त्यांची जागा बंद होत आहे, कारण बादलीवरून वेळापत्रक ठरवणं आजच्या काळात शोभत नाही. बाई वाद घालायला गेल्या नाहीत. डबा उचलला आणि दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून जेवायला लागल्या.

आलेख मात्र चढला, हे कबूल करायला हवं. सगळे बघत होते. फक्त जेवत कुणी नव्हतं. कॅन्टीनची बादली दीडलाच भरायला लागली आणि आचारी कपाळाला हात लावून बसला. बटणरावांच्या टेबलावरचा तक्रारीचा फोन एक ते दोन थांबेना. एका आईचं म्हणणं, मुलगी घास तोंडात धरून अर्धा तास बसते, गिळायचं विसरते. एका कारखान्यातून विचारणा आली, केक फुगला की नाही ते कळल्याशिवाय माणसं कामावर जात नाहीत, तर केक जरा लवकर फुगवता येईल का? दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, “पथ्याचा वॉर्ड आहे हो आमचा. कालपासून अकरा रुग्ण सूप समोर ठेवून रडताहेत.”

आणि बटणरावांच्या घरचं ताट पुन्हा भरलेलंच राहायला लागलं.

“ते लोक काय काय करतात रे!” आई म्हणाली. “शेवटी वरून पानं लावतात. ते बघितलं आणि माझ्या बटाट्याच्या भाजीकडं बघवेना. बघूनच पोट भरलं.”

“मग टीव्ही बंद करून जेव ना.”

“बंद केल्यावर भिंत दिसते.”

बटणरावांनी तो विषय सोडला. त्यांनी साहेबांना गाठलं, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि आलेख दाखवला. “एका घरासाठी शहराचं वेळापत्रक कसं बदलू?” हे त्यांचं म्हणणं चूक तरी कसं म्हणायचं? रविवारी आईला काट्यावर उभं केलं. काटा चाळीसवर थरथरत थांबला. डॉक्टरांनी गुरुवारी पुन्हा यायला सांगितलं आणि येताना आईचे कपडे घेऊन या म्हणाले. 

मंगळवारी ‘महाताट’ची अंतिम फेरी होती. सगळं शहर टीव्हीला चिकटलेलं. एक वाजून चार मिनिटांनी, सात मजली केकवर शेवटची चेरी ठेवायला हात पुढं आला आणि तिथंच अडकला. चित्रफीत गोठली. चेरी हवेत, हात हवेत, परीक्षकाचं तोंड उघडं.

अशा वेळी बटणरावांचा हात आपोआप चालतो. अडलेलं चित्र काढायचं, दुसरं कुठलंही चालू चित्र लावायचं, आणि तेवढ्यात क्षमस्वची पाटी शोधून चढवायची. चालू चित्र म्हणजे गच्चीवरचा हवामानाचा कॅमेरा. त्यात एरवी फक्त आभाळ दिसतं. पण गेल्या आठवड्याच्या वाऱ्यानं त्या कॅमेऱ्याची मान खाली गेली होती, आणि ती सरळ करायचं बटणरावांच्या यादीत होतं. आईच्या काळजीत यादी तशीच राहिली होती. त्यांनी बटण दाबलं आणि शहरातल्या सगळ्या पडद्यांवर घासबाई आल्या.

त्या खुर्चीत बसल्या होत्या, अगदी समोर, हातभर अंतरावर असल्यासारख्या. मांडीवर रुमाल पसरून डब्याचं झाकण काढत होत्या. कॅमेरा चालू आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

पाटीचं बटण उजव्या हाताला. बटणरावांचा हात तिकडं गेला आणि हवेतच थांबला. समोर कुणीतरी बसलेलं हवं असतं, हे बाईंचंच वाक्य होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरात एक म्हातारी आता हात धुऊन, झाकलेल्या ताटासमोर येऊन बसली असेल. सव्वीस वर्षांत बटणरावांनी एकही चूक मुद्दाम केली नव्हती. त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

बाईंनी पावाचा तुकडा मोडला. बटाटा-वाटाण्याची भाजी होती. एक घास घेतला, चावला, लांब कुठंतरी बघितलं. एक कबुतर आलं. बाईंनी त्याला काहीतरी सुनावलं. आवाज येत नव्हता, पण चांगलंच सुनावलं असणार, कारण ते दोन पावलं मागं सरकलं. मग त्यालाही एक तुकडा टाकला. चमच्यातून एक वाटाणा घरंगळला. बाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पदर झटकला, शेवटी तो रुमालाच्या घडीत सापडला. तो त्यांनी खाल्ला. दुसऱ्या खणातली भाजी पुन्हा वाढून घेतली. कसली घाई नव्हती. कुणाला हरवायचं नव्हतं.

बटणरावांनी तक्रारीच्या फोनकडं बघितलं. तो वाजत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शहराच्या सगळ्यात मोठ्या अंतिम फेरीत चेरी अडकली होती आणि एकही माणूस फोन करत नव्हता.  बटणरावांना वाटलं, आत्ता बाहेर जाऊन कान दिला तर सगळ्या घरांतून चावल्याचा आवाज येईल.

दार धाडकन उघडलं. साहेब काकडी घेऊन धावत आले होते. “हे काय लावलंय? काढा ते! पाटी लावा!” असं ओरडत ते पडद्यापाशी आले. बाई पावानं डब्याचा कोपरा पुसून घेत होत्या. साहेब बघत राहिले. काकडीचा एक चावा घेतला. मग दुसरा. मग बटणरावांच्या शेजारची खुर्ची ओढून ते खाली बसले आणि काकडी संपली हे त्यांना कळलंच नाही.

“अजून काही आहे का खायला?” त्यांनी हळूच विचारलं.

बटणरावांनी आपला डबा त्यांच्यापुढं सरकवला. साहेब मुकाट्यानं जेवले. एक वाजून सव्वीस मिनिटांनी बाईंनी पाणी प्यायलं, डबा बंद केला, रुमाल झटकला आणि त्या उठल्या. रिकामी खुर्ची दिसायला लागली. मग बटणरावांनी पाटी लावली.

आचारी स्वतः बादली घेऊन वर आला. आत अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा होता, दुसरं काही नाही. “धुतली नाहीये हो,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो. अशीच आलीये.” साहेबांनी वाकून बघितलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

घासबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“मी वाटाणा उचलून खाल्ला, तोही दिसला?”

“दिसला.”

“सगळ्या गावाला?”

“सगळ्या गावाला.”

“अगं बाई!” म्हणून त्या मटकन खाली बसल्या. मग समोर बादली दिसली. त्यांनी आत बघितलं. पंधरा वर्षं त्या बादल्या वाचत आल्या होत्या, पण ही बादली त्यांना वाचता येईना. डोळ्यांत पाणी आलं होतं.

बटणराव त्या दिवशी घरी धावत गेले म्हटलं तरी चालेल. स्वयंपाकघरात शिरले. ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, पातेल्यातली जास्तीची भाजीसुद्धा संपली होती.

“आज एक बाई होत्या,” आई सांगायला लागली. “एकट्याच जेवत होत्या बिचाऱ्या, गच्चीवर. बोलायला कुणी नाही, नुसतं एक कबुतर. त्यांना तसं टाकून मी कशी उठणार? बसले मग शेवटपर्यंत. त्यांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली, तेव्हा त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून मीही घेतली.” जरा थांबून तिनं विचारलं, “उद्या असतील ना रे?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. त्यांना तोच कार्यक्रम हवा होता, पण दिवे लावून, चांगली क्रोकरी मांडून आणि भाजीवर वरून पानं लावून. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, “मला लोक बघताहेत हे कळल्यावर माझा घास उतरायचा नाही, साहेब. महिनाअखेर मी जातेच आहे, ते बरं.” आणि त्या खाली निघाल्या.

बटणरावांनी त्यांना जिन्यात गाठलं. आई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं, काटा चाळीसवर आहे तेही सांगितलं, आणि उद्या गुरुवार आहे हेही.

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. “मी एकटी जेवते म्हणून त्या बसल्या?” त्यांनी विचारलं. “माझ्यासाठी?” कॅन्टीनमध्ये होत्या तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या, वर आल्यावर टीव्हीसमोर वही घेऊन. इतक्या वर्षांत बाई कुणाबरोबर जेवतात, हा प्रश्न बटणरावांनासुद्धा कधी पडला नव्हता. तो आत्ता पडला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

“त्या किती वाजता बसतात?” बाईंनी विचारलं.

“हात धुऊन येईपर्यंत एक वाजून पाच मिनिटं.”

“आणि दुसऱ्यांदा घेतल्यावर थांबल्या?”

“तुम्ही थांबलात म्हणून थांबली.”

“हं,” बाई म्हणाल्या.

त्या दुपारी एक वाजता बटणरावांनी बटण दाबलं. दिवे नव्हते, पानं नव्हती, साहेब शेजारी डबा उघडून गप्प बसले होते. पडद्यावर बाई आल्या. डबा आज मोठा होता. त्यांनी एकदाच, अगदी ओझरतं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि लगेच लाजून नजर कबुतराकडं वळवली. पण झाकण उघडलं नाही. एक वाजून दोन मिनिटं झाली, तीन, चार. सगळं शहर थांबलं असणार. बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी बाईंनी झाकण काढलं.

एकदा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मग पोटावर हात ठेवून त्या मागं टेकल्या. पोट भरलं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जरा वेळ त्या तशाच बसल्या. मग सरळ झाल्या, चमचा उचलला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. एकेक घास कष्टानं गिळत होत्या, पण गिळत होत्या.

संध्याकाळी बटणराव घरी आले तेव्हा आई खुर्चीत मागं रेलून, कमरेची नाडी सैल करून बसली होती. ताट रिकामं, पातेलं रिकामं, पावाचा डबासुद्धा रिकामा.

“आज फार झालं रे,” ती कण्हत म्हणाली. “त्या बाईंची भूक बरीच मोठी दिसते. तिसऱ्यांदा घेतलं त्यांनी. मला तर एक घाससुद्धा जात नव्हता. पण त्या एकट्या पडल्या असत्या.”